'सनी'चे नाव ठेवणारा गुरू

'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांमधील थोर कोण, हे त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून ठरवावयाचे असते. हीच कसोटी लाविली, तर क्रिकेटगुरू कै. वासू परांजपे यांचे नाव घरोघर माहीत असावयास हवे होते. आमच्या शिवडीपासून त्यांचे माटुंगे फार दूर नाही. पण येथे सुनील गावसकर आबालवृद्धांस ठाऊक, आणि त्यांस 'सनी' म्हणणारे वासू थोड्यांसच.

प्रथम श्रेणीचे सामने ते अवघे 29 खेळले. कसोटी एकही नाही. माधव मंत्रींच्या करड्या शिस्तीत वाढलेल्या दादर युनियनचे ते पुढे कर्णधार झाले. गावसकर, वेंगसरकर याच संघातले. वासूंची रीत मात्र निराळी. किस्से, टोपणनावे, थट्टा, यांतूनच ते शिकवीत. पाय कोठे पडला याहून खेळणाऱ्याचे मन कोठे आहे, इकडे त्यांचे लक्ष. कांगा लीगमध्ये पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर नवखा पोर बाद होऊन परतला, की त्यास तंत्राचे व्याख्यान काय कामाचे? शाळेत जन्म घालविलेल्या आम्हांस तर वाटते, नियम सांगणे सोपे. धीर न मोडता दोष दाखविणे महाकठीण.

आचरेकर सरांस 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो उचितच. वासूंचे श्रेय धावफलकावर उमटणारे नव्हते. 30 ऑगस्ट 2021 रोजी, वयाच्या 82व्या वर्षी ते निवर्तले. त्याआधी वर्षभर, चिरंजीव जतीन व आनंद वासू यांनी लिहिलेले 'क्रिकेट द्रोण' हे इंग्रजी पुस्तक निघाले होते. घरात क्रिकेटवेडी मुले असतील, त्यांनी ते अवश्य आणावे.