दिवसा पोहोचणारी लहर

सप्टेंबर १९२४. बैरूतच्या बंदरात 'इलेत्रा' नौका नांगर टाकून उभी होती. आत कानाला हेडफोन लावून रेडिओ-संशोधक मार्कोनी बसला होता. इंग्लंडच्या टोकावरच्या पोल्धू केंद्राचा संकेत त्याला ऐकायचा होता. सुमारे २४०० मैलांवरून, आणि तोही लख्ख उन्हात.

दूरवर बोलायचे तर लहर लांब हवी, वीज अफाट हवी आणि मनोरे उंच हवेत, असा त्या काळच्या जाणकारांचा ठाम समज होता. आदल्याच वर्षी याच नौकेने या समजाला तडा दिला होता. पोल्धूहून मार्कोनीचा सहकारी चार्ल्स फ्रँकलिन ९७ मीटरच्या लहरीवर संकेत पाठवी आणि इलेत्रा केप व्हर्दे बेटांकडे दूर दूर जाई. रात्री संकेत इतका खणखणीत येई की केंद्राची शक्ती १२ किलोवॅटवरून १ वर आणली तरी फरक पडेना. दिवसा मात्र तो वाटेतच विरे. मला या शोधाचा गाभा इथेच दिसतो. सूर्य वर आला की मुका होणारा रेडिओ वादळात सापडलेल्या खलाशाच्या काय कामाचा?

फ्रँकलिनने लहर आखूड करत ३२ मीटरवर आणली. बैरूतला ती दिवसभर ऐकू आली!

हे का घडले? उन्हाने वातावरणात, बऱ्याच उंचीवर, विद्युतभारित थर तयार होतात. त्यांतला सर्वांत खालचा थर ९७ मीटरची लहर शोषून घेतो. ३२ मीटरची त्यातून पार होते, वरच्या थरावरून परतते आणि क्षितिजापलीकडे उतरते. लहर परतवणारा थर खरोखर आहे, याचा प्रयोगसिद्ध पुरावा ॲपल्टन आणि बार्नेट या शास्त्रज्ञांनी त्याच डिसेंबरात दिला. म्हणजे कान आधी पोहोचले, उलगडा मागून आला.

या शोधाचे फळ महाराष्ट्रालाही लवकरच मिळाले. १९२७ मध्ये अशा आखूड लहरींची, म्हणजे लघुलहरींची, 'बीम' संदेशसेवा भारत आणि इंग्लंड यांच्यात सुरू झाली. आपल्याकडून संदेश खडकीहून जात आणि तिकडचे दौंडला घेतले जात.

हा शोध आजही कामाचा आहे. नागपूरचेच पाहा, ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. जहाजांचा व्हीएचएफ रेडिओ, ज्याच्या १६व्या चॅनलवर मदतीची हाक देतात, जवळपास सरळ रेषेत चालतो. ती हाक इथवर येत नाही. लघुलहरी मात्र समुद्रावरून थेट विदर्भातही उतरू शकतात. किनारा फार दूर राहिलेल्या जहाजाने आवाजी मदत मागण्यासाठी राखलेल्या वारंवारतांपैकी एक आहे ८२९१ किलोहर्ट्झ. तिची लहर सुमारे ३६ मीटरची, बैरूतच्या लहरीच्या अगदी जवळची.