जुन्या मोटारीचे चार्जिंग : डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसविल्यानंतरचे दोष

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० ही मोटार बाहेर पडू लागली आणि पुढे तीच प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी परिचित झाली. काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने गिरगाव, परळ, लालबाग व दादर येथील दोन पिढ्यांची ने-आण केली. तिची टॅक्सी म्हणून असलेली कारकीर्द ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. तथापि हौशी मालकांनी जपलेल्या खाजगी फियाट या भागातील चाळींच्या आवारांत व गल्ल्यांत अद्याप आढळतात. त्यांपैकी पुष्कळ गाड्यांतील मूळचा डायनामो काढून त्या जागी नव्या गाडीचा अल्टरनेटर बसविलेला असतो. गावातील जुन्या जीपवर व ट्रॅक्टरवरही हाच प्रयोग केला जातो, आणि त्यानंतर उद्भवणारे दोषही तेच असतात. यास्तव मुंबईच्या या मोटारीचे उदाहरण शेतकरी बंधूंस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस उपयोगी पडण्याजोगे आहे.

हा बदल करावा लागतो याचे कारण डायनामोच्या स्वभावात आहे. इंजिनाची गती वाढली की तो वीज देतो. इंजिन संथ चालू असताना जवळजवळ काहीच देत नाही. त्या काळच्या लहान मोटारींच्या डायनामोची कमाल क्षमता साधारणतः २० अँपिअरच्या आसपास असे. आता पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी लालबागहून दादरकडे निघालेल्या गाडीचा हिशेब पाहावा. ६० वॅटचे दोन हॅलोजन दिवे १० अँपिअर घेतात, इग्निशन ३ ते ४, वायपर सुमारे ३, आणि रेडिएटरसमोर विजेचा पंखा बसविलेला असल्यास तो एकटाच ८ किंवा अधिक. मागील दिवे व गाण्याचा संच यांची भर निराळीच. बेरीज २० च्या पुढे जाते, आणि गाडी तर चौकाचौकात उभी. अशा वेळी सर्व भार बॅटरीवर पडतो व हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यात इंजिन एकदा बंद पडले की ते पुन्हा चालू होत नाही. याउलट ट्रॅक्टर नांगरटीच्या वेळी तासन्‌तास एकाच गतीने चालतो, त्यास डायनामो सहसा पुरतो. म्हणून केवळ नवे ते चांगले या समजुतीने धडधाकट डायनामो काढून टाकण्याची घाई ट्रॅक्टरच्या मालकाने करू नये.

अल्टरनेटर बसविल्यावर संथ गतीतही वीज मिळावयास हवी. पण अनेकदा असे होते की, महिना-दोन महिन्यांत बॅटरी पुन्हा उतरू लागते. मालक अल्टरनेटरला दोष देऊन दुसरा आणतो, तोही चालेना म्हणून तिसरा आणतो, आणि ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानात हजारो रुपये खर्चून गाडी पूर्ववत धक्का मारूनच चालू करावी लागते. दोष बहुधा यंत्रात नसतो. नव्या यंत्रास जोडलेल्या पन्नास वर्षांच्या जुन्या तारा, सांधे व दिवे यांत तो असतो, आणि तो मोजल्यावाचून सापडत नाही. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे तो एका अल्टरनेटरच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळतो. तालुक्याच्या गावीही विजेच्या दुकानात तो असतो.

प्रथम बॅटरी तपासावी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावला असता १२.६ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली समजावी. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी आधी बाहेर चार्ज करून घ्यावी. तिच्यावर पुढील परीक्षा करण्यात अर्थ नाही. नंतर इंजिन चालू करून गती थोडी वाढवावी. आता मीटरने १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखविले पाहिजेत.

व्होल्ट मुळीच वाढत नसतील तर अल्टरनेटर खोलण्यापूर्वी डॅशबोर्डवरील लाल दिव्याकडे पाहावे. जुन्या मालकांस हे चमत्कारिक वाटते, कारण डायनामोच्या गाडीत हा दिवा केवळ खबर देण्यापुरता असे. तो जळाला तरी चार्जिंग चालू राही. डायनामोच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर त्याचे काम सुरू होते. अल्टरनेटरचे तसे नाही. विहिरीवरील पंपात आधी पाणी ओतावे लागते, त्याप्रमाणे अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीस आधी थोडी वीज पुरवावी लागते, व बहुतेक अल्टरनेटरांत ती या लाल दिव्यातूनच जाते. दिवा जळाला असेल, त्याचा होल्डर गंजला असेल किंवा त्याची तार सुटली असेल, तर उत्तम अल्टरनेटरही गप्प राहतो; फार तर इंजिनाला जोराची गती दिल्यावर जागा होतो. अलीकडे आणखी एक कारण वाढले आहे. शोभेसाठी जुना बल्ब काढून एलईडी लावतात. एलईडीतून जाणारी वीज इतकी थोडी असते की, अल्टरनेटर सुरू होण्यास ती पुरत नाही. परीक्षा सोपी आहे : इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी. लाल दिवा स्वच्छ पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. न पेटल्यास तेथे २ ते ३ वॅटचा साधा बल्ब लावावा. एलईडीच हवा असेल तर त्याच्या दोन टोकांना समांतर असा ५० ते १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टन्स जोडून घ्यावा.

व्होल्ट वाढतात, पण १३ च्या आसपास घोटाळतात, असे असेल तर पट्टा व तारा पाहाव्या. फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा. स्थानिक गॅरेजमध्ये बनविलेल्या ब्रॅकेटमुळे अल्टरनेटरची पुली पुष्कळदा इंजिनाच्या पुलीशी एका रेषेत नसते. मग पट्टा घासतो, निसटतो व दिवे लावताच किंचाळतो. डायनामोची मोठी पुली तशीच अल्टरनेटरवर चढविल्यास त्याची गती घटते व संथ इंजिनावर चार्जिंग होत नाही. जुन्या रेग्युलेटरची पेटी शोभेसाठी जागेवर ठेवण्यास हरकत नाही, परंतु तिच्यातून वीज जाता कामा नये.

तारांची परीक्षा इंजिन चालू ठेवून व मोठे दिवे लावून करावयाची असते. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या टर्मिनलवर व दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवावे. येथे ०.३ व्होल्टपेक्षा अधिक दिसल्यास तेवढी वीज वाटेत वाया जात आहे असे समजावे. डायनामोच्या २० अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून ४० अँपिअर नेल्यास ती तापते, आणि तापलेल्या जुन्या तारेने मोटारीस आगही लागू शकते; म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार फ्यूजसह टाकणे आवश्यक आहे. नंतर अल्टरनेटरचे अंग व बॅटरीचे ऋण टर्मिनल यांमध्ये मोजावे. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक नसावे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत अर्थचे सांधे लवकर गंजतात. शिवाय गाडी नव्याने रंगविताना अर्थच्या जागेवरही रंगाचा थर बसतो, आणि रंगातून वीज जात नाही. पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत करून बोल्ट घट्ट बसविला की पुष्कळ गाड्यांचे दुखणे तेथेच थांबते.

व्होल्ट १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडलेला असतो. बॅटरीतील पाणी वारंवार आटते, उग्र वास येतो, बल्ब जळतात. अशी गाडी चालवू नये.

दिवसा चार्जिंग ठीक आणि सकाळी बॅटरी रिकामी, हे निराळे प्रकरण होय. चावी काढून, दारे बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि ती तार व टर्मिनल यांमध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी ठेवून जोडावा. काही दशांश अँपिअर दिसले तरी ते फार झाले. अर्धा अँपिअर वाहत असेल तर बारा तासांत ६ अँपिअर-तास जातात, व ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवस उभ्या गाडीत रिकामी होते. अल्टरनेटरची जाड तार सोडताच प्रवाह थांबला तर त्यातील डायोड निकामी झाला आहे. न थांबल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. गाण्याचा संच बहुधा दोषी निघतो.

डायनामोच्या काळातील एक सवय मात्र कटाक्षाने सोडली पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'चार्जिंग आहे की नाही' पाहण्याची रीत अनेक जुन्या मिस्त्रींच्या हातात अजून आहे. अल्टरनेटरच्या बाबतीत असे करताच व्होल्ट एकदम उसळतात व डायोड आणि रेग्युलेटर क्षणात जळू शकतात. चांगला अल्टरनेटर तपासण्याच्या नादात जाळला जातो तो असा. तसेच काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत व ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असे. अशा यंत्रावर अल्टरनेटर बसविण्यापूर्वी जोडणी ऋण-अर्थ करून घ्यावी. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करावयाचे झाल्यास बॅटरीच्या व अल्टरनेटरच्या तारा आधी सोडवाव्या.

दुरुस्ती झाल्यावर शेवटची परीक्षा अंधारात घ्यावी. इंजिन संथ ठेवून दिवे, वायपर, पंखा सारे एकदम लावावे. मीटर १३ च्या खाली न उतरल्यास काम पुरे झाले. मिळालेला आकडा तारखेसह एका कागदावर लिहून गाडीतच ठेवावा व पुढील मृगापूर्वी पुन्हा मोजून त्याच्याशी ताडून पाहावा.