पाच आकड्यांची पट्टी

संपादकांना लेख हवा होता तो मिरजेच्या निमित्ताने, विषय: वयात आलेली स्वमग्न मुलं स्वतःला सावरायला शिकतात कशी? मिरज हे आजार घेऊन येण्याचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातलेसुद्धा पेशंट इथे उतरतात. मूल हाकेला ओ देत नाही म्हणून आधी कान तपासायचे, मग वाचेचे उपचार आणि बऱ्याच उशिरा निदान, ही फरफट अनेक आईबापांच्या ओळखीची आहे. कायद्यालाही उशीरच झाला. १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नतेचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ते आलं.

मला मात्र या सगळ्यापेक्षा एका कागदी पट्टीने धरून ठेवलं. अमेरिकेतल्या कारी डन ब्यूरन आणि मिट्झी कर्टिस या शिक्षिकांनी २००३ मध्ये पुस्तकातून मांडलेली ही पाच पायऱ्यांची पट्टी. एक म्हणजे निवांत, पाच म्हणजे ताबा सुटलेला. प्रत्येक आकड्यासमोर तीन रकाने: बाहेरून कसं दिसतं, आतून कसं वाटतं, अशा वेळी काय करता येईल. बस्स, एवढंच यंत्र.

पण ते हुशार आहे. ‘तुला काय होतंय?’ या प्रश्नाला वाक्यात उत्तर देणं ज्याला जमत नाही, तो आकड्यावर बोट ठेवू शकतो. रकाने त्याच्याबरोबर बसूनच भरायचे असतात. एखाद्याचा तीन म्हणजे कान गरम होणं, दुसऱ्याचा तीन म्हणजे तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं. उपायही ज्याचे त्याचे: वर्गाबाहेर एक फेरी, कानांवर हेडफोन, भिंतीला दोन्ही हातांनी रेटा.

गंमत अशी, की प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी आपली भारतीय मापनपट्टी, ‘इसा’, हीसुद्धा एक ते पाचचीच आहे. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला गुण, बेरीज सत्तर किंवा त्याहून जास्त झाली की स्वमग्नता. तिथे गुण देणारा मुलाकडे बाहेरून पाहतो. ब्यूरनच्या पट्टीवर आकडा लावतो तो मुलगा स्वतः. माझ्या लेखी सगळा फरक तिथेच आहे, आणि नेमका तोच फरक मोठी माणसं पुसून टाकतात. ‘चारवर गेलास, आता एकवर ये’ असं दटावलं, की पट्टीची छडी होते.

शिकवायचं असतं ते मुलगा एकवर असताना, रोज, काही बिघडलेलं नसताना. चारवर भाषा आटते. पाचवर कुणी काही शिकत नाही. तिथे आवाज कमी करायचा, गर्दी हटवायची, कुणाला इजा होणार नाही एवढं पाहायचं आणि स्वतःचं तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण घाबरलेला माणूस बोलतच सुटतो.

अडचण पट्टीच्या मुळाशीही आहे. आत काय चाललंय ते ओळख, असं ती सांगते. आणि २०१९ च्या एका आढाव्यानुसार सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींना नेमकं तेच कठीण जातं. मुलगा ‘दोन’ म्हणतो आणि पुढच्या क्षणी डबा भिरकावतो. तो खोटं बोललेला नसतो, त्याला तीन आणि चार कळलेलेच नसतात. म्हणून आधी ओले तळवे, धडधड, आवळलेला जबडा, अशा खुणांवर महिनोन् महिने काम करावं लागतं. आणि वयात येण्याच्या नेमक्या त्याच वर्षांत शरीर बदलत असतं, म्हणजे ओळखीच्या झालेल्या खुणाही जुन्या होतात. सहाव्या वर्षी कडेवर उचलून बाजूला नेता येणारा मुलगा पंधराव्या वर्षी आईपेक्षा उंच असतो. तेव्हाचं बाजारातलं ओरडणं लोकांना हट्ट वाटायचं, आता दांडगाई वाटते.

आणि काही वेळा चूक आकड्याची नसतेच. मिरजेची विसर्जन मिरवणूक स्वागत कमानींखालून रात्रभर चालते, दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. ज्याचं घर त्या रस्त्यावर आहे आणि ज्याला ढोल-डॉल्बी सहन होत नाही, त्याने कितीही नीट श्वास मोजले तरी तो पाचवरच जाणार. त्या रात्रीपुरतं त्याला सांगलीला मावशीकडे पाठवणं हाही पट्टीवरचाच एक उपाय. फक्त ‘काय करता येईल’ या रकान्यात तो घरच्यांच्या नावावर लिहायचा. शाळेत हे समजणारी एखादी बाई तरी असते. अठरानंतर शाळा सुटते. कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो, पण पट्टीचं खिशातलं कार्ड काढून तीनवर बोट ठेवणारा तरुण एसटीच्या कंडक्टरला काय सांगतोय, हे कंडक्टरला कुणीच शिकवलेलं नसतं.