विहारातल्या संगणकाला मराठी डेटाचा पत्ता कायमचा कसा सांगायचा?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या आपल्या वस्त्यांत जुन्या जयंती स्मरणिका, मुंबईच्या गावमंडळांचे छापील अहवाल, पिवळे पडलेले सुटे अंक अजून कपाटांत आहेत. किनाऱ्यावरची दमट हवा आणि कसर त्यांना फार वर्षे टिकू देणार नाही. खोतीविरोधी लढ्यापासून १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंत गावोगावी राबलेल्या कितीतरी माणसांची नावे फक्त अशाच कागदांत सापडतात. म्हणून नुसता फोटो काढून थांबू नये. मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा, म्हणजे नाव टाकून शोधता येईल.

टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम हे काम लिनक्सवर करतो. छापील अक्षर तो वाचतो. हस्तलिखित इतिवृत्ते मात्र बसून टाइप करावी लागतील, त्याला इलाज नाही. उबुंटूच्या पॅकेजमधून मिळणारा मराठी डेटा वेगासाठी बनवलेला आहे. अचूकतेसाठीचा ‘बेस्ट’ डेटा वेगळा उतरवून आपल्या फोल्डरमध्ये ठेवावा लागतो. तो फोल्डर कुठे आहे, हे टेसरॅक्ट ‘टेसडेटा_प्रिफिक्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून ओळखतो. (आज्ञा आणि नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टंकताना इंग्रजी अक्षरे वापरावीत, हे नाव तर सगळे मोठ्या अक्षरांत.)

टर्मिनलमध्ये ‘एक्स्पोर्ट’, मग व्हेरिएबलचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला की काम सुरू होते. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. पण टर्मिनल बंद केले की सगळे पुसले जाते. शेल आपल्याकडच्या व्हेरिएबलची प्रत फक्त स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामांना देतो; उद्या उघडलेल्या नव्या शेलला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे काल चाललेले आज का चालत नाही, असा प्रश्न पडून मुले कंटाळतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक नवे टर्मिनल उघडताना बॅश शेल आपल्या होम फोल्डरमधली ‘.बॅशआरसी’ ही फाइल वाचतो. तीच एक्स्पोर्टची ओळ या फाइलच्या शेवटी लिहून ठेवायची. चालू टर्मिनलमध्ये लगेच लागू करायला ‘सोर्स’ लिहून पुढे फाइलचे नाव द्यावे. मेनूतून उघडणाऱ्या प्रोग्रामांना मात्र ही फाइल पोहोचत नाही. त्यांच्यासाठी ओळ ‘.प्रोफाइल’मध्ये घालून एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करावे.

विहारातला संगणक बहुधा अनेकजण वापरतात. प्रत्येकाचे खाते वेगळे असेल, तर ‘/इटीसी/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल बरी; ती सर्वांना लागू होते. तिच्यात ‘एक्स्पोर्ट’ शब्द लिहायचा नाही, फक्त नाव आणि किंमत. बदलायला सुडोचा अधिकार लागतो. डेटाचा फोल्डरही सर्वांना वाचता येईल अशा जागी हवा.

दोन खोड्या आधीच सांगतो. जुन्या माहितीत टेसडेटाच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यायला सांगतात. ते तिसऱ्या आवृत्तीपुरते होते, चौथीपासून टेसडेटा फोल्डरचाच पत्ता द्यायचा. दुसरे, हा पत्ता दिल्यावर टेसरॅक्ट मूळ फोल्डरकडे बघत नाही. म्हणून इंग्रजी डेटा आणि ‘कॉन्फिग्ज’ फोल्डरही नव्या जागी हवेत, नाहीतर पीडीएफ तयार होणार नाही.

नवे टर्मिनल उघडून ‘प्रिंटएन्व्ह’ने पत्ता तपासा, मग टेसरॅक्टला भाषांची यादी विचारा. तीत ‘मार’ दिसले की सर्वांत जीर्ण अंकाचे पहिले पान लावा.