मदत नेमकी कुठे ठेवायची?

केळझरहून एसटीने मी रोज ज्या पतसंस्थेत कारकुनीला जात असे, तिथली २००६ सालच्या मार्चअखेरची गोष्ट. एक आजी नातीच्या लग्नासाठी मुदतठेव मोडायला आल्या होत्या. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी दराने धरतात. ती नोंद संगणकात कशी करायची, हे काउंटरवरच्या नव्या बाईंना ठाऊक नव्हते. त्यांनी ‘एफ-वन’ कळ दाबली. मदतीची खिडकी उघडली, डावीकडे विषयांची यादी आली. पण उजवीकडे मजकुराचा पत्ता नव्हता. ‘‘भाई, हे तं कोरंच दिसून राह्यलं!’’ बाई म्हणाल्या. आजी दोन तास बाकावर बसून होत्या.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. संगणकाशी नाते कामापुरते. पण हे पान कोरे का, याचा छडा लावावासा वाटला.

आमचे चार संगणक तारेने जोडलेले होते. हिशेबाचा प्रोग्रॅम मुख्य संगणकावर आणि मदतीची फाईलही तिथेच. ती होती ‘सीएचएम’ प्रकारची. मायक्रोसॉफ्टने हा प्रकार १९९७ मध्ये आणला. शेकडो पाने, अनुक्रमणिका, सूची आणि शोध, सारे एकाच फाईलमध्ये. सोय मोठी, पण अशा फाईलमधून संगणकावर दुसरे प्रोग्रॅमही चालवता येतात. तिच्या आडून कुणी घात करू नये म्हणून जून २००५ च्या सुरक्षा दुरुस्तीत दुसऱ्या संगणकावरून उघडलेल्या अशा फाईलींची पाने दाखवणेच बंद झाले. शेजारच्या टेबलावरचा आपलाच संगणकही त्या नियमात ‘दुसरा’ ठरला.

यावर उपाय होते. विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून हे कुलूप काढता येते. पण जिथे लोकांचे पैसे आहेत तिथे कुलूप काढायचे कशाला? मग आम्ही प्रत्येक संगणकावर फाईलची प्रत ठेवली. पान दिसू लागले. पुढे व्याजाचा नियम बदलला, तीन प्रती बदलल्या, चौथी जुनीच राहिली. कोरे पान निदान फसवत तरी नाही. जुने पान चुकीचे व्याज लावायला सांगते. प्रती ठेवायच्याच असतील, तर सुरू होताना प्रोग्रॅमनेच नवी प्रत आली आहे का ते पाहून ती उतरवून घ्यावी.

तेवढ्यात संस्थेने मदतीची पाने मराठीत करण्याचे काम माझ्याकडे दिले. तेव्हा दुसरी अडचण कळली. सीएचएम युनिकोडच्या आधीच्या घडणीवर उभी आहे. पानातली देवनागरी नीट दिसते. पण अनुक्रमणिका, सूची आणि शोध विंडोजच्या जुन्या संकेतसारणीवर चालतात आणि देवनागरीसाठी तशी सारणीच नाही. ‘मुदतठेव’च्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ! ज्या बाईंसाठी मराठी केले, त्यांना तो शब्द सापडणारच नसेल तर उपयोग काय?

पीडीएफ छापायला उत्तम. पण एफ-वन दाबताच नेमके हवे ते पान समोर आणणे तिथे अवघड. इंटरनेटवर मदत ठेवली तर प्रत एकच राहते आणि ताजी असते. मात्र लाइन गेली की मदतही गेली.

शेवटी आम्ही साधी एचटीएमएल पाने निवडली. मुख्य संगणकावर एक फोल्डर, एका कामाला एक पान आणि अकारविल्हे सूचीचे एक पान. ब्राउझर ती उघडतो, युनिकोड मराठी नीट दाखवतो, दुरुस्ती एकदाच करावी लागते. पानांत स्क्रिप्ट ठेवली नाही, म्हणून सुरक्षेची अडवणूकही नाही. सगळ्या पानांत एकदम शोध घेण्याची सोय मात्र गेली. ती उणीव चांगल्या सूचीने बरीचशी भरून निघते. सूचीत मी ‘ठेव मोडणे’ लिहिले, ‘मुदतपूर्व आहरण’ नाही. कारण काउंटरवर लोक तसेच बोलतात.

मदतीचा प्रकारही कायमचा नसतो. १९९० पासूनच्या ‘एचएलपी’ फाईली २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टात आपसूक उघडेनाशा झाल्या. म्हणून मूळ मजकूर साध्या रूपात वेगळा जपावा आणि फाईलचा प्रकार ठरवण्याआधी ती कामाच्या टेबलावरून, जोडलेल्या संगणकावर, मराठीत उघडून पाहावी.

पुढच्या मार्चअखेरीस एक शेतकरी ठेव मोडायला आले. बाईंनी एफ-वन दाबले, पान वाचले, नोंद केली. मला हाक मारावी लागली नाही.