मतप्रतिपादक निबंध

वर्णनात्मक निबंधात लेखक पाहिलेले सांगतो. मतप्रतिपादक निबंधात त्याला वाचकाचे मत वळवावयाचे असते. महाविद्यालयात असे निबंध वारंवार लिहावे लागतात. पुष्कळ विद्यार्थी ‘शिक्षणाचे महत्त्व’ यासारखा विषय घेऊन चार पाने भरतात. परंतु जे कोणीच नाकारीत नाही ते सिद्ध करण्यात काय हशील? मतभेदास जागा असेल तेथेच हा निबंध संभवतो.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले. ते निबंध म्हणून लिहिलेले नसले, तरी प्रतिपादन कसे करावे हे शिकण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

शिक्षणाकडे सरकारने लक्ष पुरवावे, असे मोघम विधान जोतीराव करीत नाहीत. बहुजनांचे प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची निश्चित मागणी आहे. तिचे कारणही ते देतात. सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या कष्टांतून येतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो.

आपल्या शास्त्रकारांची रीत अशी, की प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडावयाचे व मग त्याचे उत्तर द्यावयाचे. पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा करून मांडणे ही लबाडी होय, आणि चाणाक्ष वाचक ती तत्काळ ओळखतो. त्या काळचा पूर्वपक्ष असा होता : वरच्या वर्गांना उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे विद्या त्यांच्याकडून आपोआप खालपर्यंत झिरपेल. हे मत प्रबळ होते. ते टाळून जोतीरावांना पुढे जाता आले नसते. म्हणून ते त्याला सरळ भिडतात. शिकलेल्या मंडळींनी आपल्या अडाणी बांधवांसाठी काय केले, कोणी घरी वर्ग चालविले काय, असे ते विचारतात. सिद्धान्ताची अशी अनुभवावर परीक्षा केली, की शब्दांचा फुलोरा लागत नाही.

याच निवेदनात एक कबुलीही आहे. उच्च शिक्षणाचे सरकारी साहाय्य काढून घ्यावे असे कोणीही देशहितेच्छू म्हणणार नाही, असे ते स्पष्ट सांगतात. आपली मागणी कोठवर आहे आणि कोठे थांबते, हे सांगितल्याने युक्तिवाद दुबळा होत नाही. उलट, विनाकारण होणारे विरोधक कमी होतात.

पुराव्याचा प्रश्न नाजूक असतो. मुलींच्या शाळा चालविलेला, मांजरीस शेती असलेला हा लेखक स्वतःस ठाऊक असलेले ठामपणे सांगतो. इलाख्यातील दहापैकी नऊ खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, ही गोष्ट मात्र तो ‘असे म्हणतात’ म्हणून नमूद करतो. अनुभव आणि ऐकीव माहिती यांतील हा भेद विद्यार्थ्यांच्या लिखाणात बहुधा लोपतो.

अखेरीस उपाय येतात, आणि तेही बारकाईने : अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लिपी, हिशेब आणि शेतीचे ज्ञान असावे, शिक्षकाचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे. सक्तीची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली तसा कायदा केला, आणि ६ ते १४ वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.