लेझर मशीन घेताय? आधी माल ठरवा, मग मशीन

टी. नरसीपूरहून तुमचा निवृत्त फौजी बोलतोय. नव्या श्रोत्यांसाठी गावाची ओळख सांगतो. म्हैसूरपासून तीसेक किलोमीटरवर कावेरी आणि कपिला नद्यांचा संगम आहे, त्या काठावरचं हे गाव. पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर. दर तीन वर्षांनी इथे कुंभमेळा भरतो. इथल्या देवाचं नाव गुंजा नरसिंह. हे क्षेत्र काशीपेक्षा गुंजभर जास्त, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. गुंजभर फरकाने पारडं कसं फिरतं, ते आजच्या विषयात तुम्हाला दिसेलच.

गेल्या महिनाभरात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, लेझरने नाव कोरायचं मशीन घेऊन छोटा धंदा सुरू करायचाय. कोणतं घेऊ?" कुणी बेळगावचा, कुणी इंदूरचा, कुणी सोलापूरचा. बहुतेकांच्या हातात निवृत्तीचे किंवा घरचे साठवलेले पैसे आहेत. म्हणून हा विषय नीट, सावकाश घेऊ.

आधी माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी मी हौसेने एक छोटं मशीन मागवलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ४० वॅट लिहिलं होतं. आलं तेव्हा लाकडावर नाव छान उमटलं. मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवला. किरण त्यातून आरपार गेला आणि खालचं टेबल जळालं. अ‍ॅक्रिलिक जसंच्या तसं! नंतर कळलं की ४० वॅट ही मशीन भिंतीतून ओढतं ती वीज होती. किरणाची खरी ताकद होती ५ वॅटच्या आसपास. पूर्ण नोकरी वर्कशॉपच्या धुरात घालवलेला माणूस मी, आणि आकडा वाचून फसलो.

दोन वर्षांनी माझ्या युनिटमधला एक हवालदार माझ्याकडे आला. इथलाच, शेजारच्या खेड्यातला. मुलगी डिप्लोमा झालेली, तिला कोरीव कामाचं दुकान टाकायचं होतं. त्याच्या हातात तीन लाखांचं कोटेशन होतं आणि अ‍ॅडव्हान्स दुसऱ्या दिवशी भरायचा होता. "साहेब, ८० वॅटचं आहे, सगळ्यावर चालतं म्हणतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "हवालदार, शत्रू कोण ते ठरवल्याशिवाय तोफ मागवतोस का?" तो हसला, आणि अ‍ॅडव्हान्स थांबवला. त्या दोघांबरोबर आम्ही जे केलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

सगळ्यावर चालणारं लेझर नसतं

लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एका रेषेत बांधलेला प्रकाश. समोरची वस्तू तो प्रकाश पिते की परतवते, यावर सगळं अवलंबून. काळा शर्ट उन्हात तापतो आणि पांढरा कमी तापतो, तसंच हे. वॅट नंतर बघायचे. आधी किरणाचा प्रकार बघायचा. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला कार्बन डायऑक्साइड वायूचा. हा शोध कुमार पटेल यांचा. १९३८ साली बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले पटेल अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेझर तयार केला. याचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं, कागद, कापड, काच, काळा ग्रॅनाइट हे सगळं त्याला पितं. उघडा धातू मात्र त्याला परतवतो. स्टीलच्या भांड्यावर याने नाव घालायचं तर आधी खास लेप फवारावा लागतो.

दुसरा फायबर लेझर, १.०६४ मायक्रोमीटरचा. हा धातूचा राजा. स्टील, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, किल्लीची साखळी, यंत्राची नेमप्लेट, सगळं याचं काम. लाकडावर आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर त्याचा उपयोग जवळपास शून्य. यात आरसे हलतात, त्यामुळे वेग प्रचंड. पण क्षेत्र लहान. नेहमीच्या भिंगाने ११० बाय ११० मिलिमीटर.

तिसरा डायोड, निळ्या प्रकाशाचा, माझ्या मशीनमधला. स्वस्त आणि हलका. लाकूड, चामडं, गडद रंगाच्या वस्तू यांवर ठीक चालतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक आणि काचेतून निघून जातो. शिकायला, घरगुती कामाला चांगला. घेताना एकच प्रश्न विचारा: किरणाची ताकद किती वॅट? विजेची नको, किरणाची.

पंधरा दिवसांची रेकी

हवालदाराच्या मुलीला मी एक वही दिली. म्हटलं, पंधरा दिवस फिर आणि लोक काय मागतात ते लिहून आण. ती शाळांत गेली, देवळाबाहेरच्या दुकानांत गेली, भांडीवाल्यांकडे, मंगल कार्यालयांत, म्हैसूरच्या बक्षिसांच्या दुकानांत गेली.

वहीत जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. माझा अंदाज होता की सगळ्यात मोठं काम स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याचं असेल. आपल्या मराठी घरांतही लग्नाच्या भांड्यावर नाव आणि तारीख असतेच ना! पण इथे भांड्याच्या दुकानातच एक म्हातारे गृहस्थ हाताच्या यंत्राने अक्षराला काही रुपये घेऊन नाव घालतात. तिथे लाखांचं मशीन घेऊन त्यांच्या पोटावर पाय देण्यात अर्थ नव्हता, आणि कमाईही नव्हती. खरी मागणी होती शाळांच्या सन्मानचिन्हांची, घरावरच्या पाट्यांची, गृहप्रवेशाच्या भेटींची आणि यात्रेकरूंसाठी लाकडी आठवणवस्तूंची. म्हणजे लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक. म्हणजे पहिला प्रकार.

धातूचं काम आलं तर? ते म्हैसूरच्या फायबरवाल्याकडे द्यायचं आणि मधला थोडा नफा ठेवायचा. दोन्ही मशीन पहिल्याच वर्षी घेऊ नका.

तुमच्या गावात उत्तर वेगळं येईल. पुण्या-कोल्हापुरासारख्या कारखानदारीच्या भागात सुट्या भागांवर नंबर टाकायचं काम असेल, तर फायबरच घ्यावा लागेल. वही तुमची, उत्तरही तुमचंच.

थैली आणि टेप

मग आम्ही तिघं बेंगळुरूला विक्रेत्याकडे गेलो. बरोबर एक थैली. त्यात सागाची फळी, ५ मिलिमीटर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, ग्रॅनाइटचा तुकडा, स्टीलचा पेला आणि एक रेक्झिनची डायरी. विक्रेत्याचा नमुना नेहमीच सुंदर दिसतो. तुमचा माल, तुमच्यासमोर, तुमच्या घड्याळावर चालवून घ्या.

मी खिशातून टेप काढला आणि मशीनचं मागचं झाकण उघडायला सांगितलं. काचेच्या नळीची लांबी भरली ७० सेंटिमीटर. मंडळी, हे लक्षात ठेवा. ४० वॅटची काचेची नळी साधारण ७० सेंटिमीटरची असते. ८० वॅटच्या नळीला सव्वा मीटरच्या आसपास जागा लागते. कागदावर ८० आणि आत ४०! विक्रेता म्हणाला, "सर, जोरात चालवली की देते." जोरात चालवली की नळी लवकर मरते. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. तीन लाखांचा फरक एका टेपने दाखवला.

नळीबद्दल आणखी एक. ती वापरली नाही तरी आतला वायू हळूहळू बिघडतो. नळीवरची बनवल्याची तारीख वाचा. दोन वर्षं गोदामात पडलेली नळी नवी नसते.

त्याच दुकानात तिथल्या मुलाने रेक्झिनची डायरी सरळ मशीनमध्ये ठेवायला घेतली. मी हात धरला. बरंचसं रेक्झिन पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसं जाळतो आणि मशीनचं लोखंड गंजवतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. मोकळ्या जागेत तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, त्या मालाला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे. तो माल परत करा, गिऱ्हाईक कितीही जवळचं असलं तरी.

मिनिटांचा हिशेब

आता धंद्याचं गणित. २० बाय १५ सेंटिमीटरची पाटी पूर्ण भरून कोरायची आहे. किरण ओळीने जातो, दोन ओळींत दशांश मिलिमीटर अंतर. म्हणजे १५०० ओळी. प्रत्येक ओळ आणि वळण मिळून एक सेकंद धरा. झाले १५०० सेकंद, २५ मिनिटं. शाळेने २०० पाट्या मागितल्या तर ८३ तास! स्नेहसंमेलन परवावर आलेलं असतं तेव्हा हा आकडा घाम फोडतो.

म्हणून भाव ठरवताना मिनिटं मोजा. आणि नक्षी अशी बनवा की अक्षरांच्या कडा रेषेने कोरल्या जातील, सगळी पार्श्वभूमी भरावी लागणार नाही. तीच पाटी तीन-चार मिनिटांत होते. मुलीने हे आठवड्यात शिकून घेतलं. कन्नड आणि मराठी दोन्हींना एक त्रास सारखाच: काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात. अक्षरं आधी इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्यांचं रेषाचित्रात रूपांतर करा, मग मशीनला द्या. "श्री"चा "श" आणि "री" झालेली पाटी कुणी घेत नाही.

मशीनसोबत काय लागतं

कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टींचे पैसे आधी बाजूला काढा. नळी गार ठेवायला पाणी लागतं, साधारण १५ ते २५ अंशांचं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये साध्या बादलीने भागत नाही, थंड करणारा खरा चिलर लागतो. पाणी डिस्टिल्ड वापरा, बोअरचं नको. धूर घराबाहेर नेणारा पंखा, हवेचा झोत देणारा पंप, स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग. नळीला हजारो व्होल्ट लागतात, अर्थिंगमध्ये काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

डोळ्यांबद्दल फौजी भाषेत सांगतो. फायबरचा किरण दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तो थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. चष्मा त्याच किरणासाठी बनलेला असावा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. झाकण बंद असलेलं मशीन घ्या. आणि मशीन चालू असताना चहाला जाऊ नका. लाकूड पेट घेतं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं. पहारा सोडायचा नाही.

पैसे: आधी अर्ज, मग खरेदी

हवालदाराचा अ‍ॅडव्हान्स थांबवण्याचं दुसरं कारण हे होतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक आणि महिला विशेष गटात येतात. स्वतःचे ५ टक्के, अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के, बाकी बँकेचं कर्ज. तीन लाखांच्या प्रकल्पाला खेड्यात १,०५,००० रुपये अनुदान आणि स्वतःचे फक्त १५,०००. पण योजना नव्या उद्योगासाठीच आहे. आधी मशीन घेऊन दुकान सुरू केलं की दार बंद. अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, हेही माहीत असू द्या. उद्यम नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. अर्जाआधी सध्याचे नियम बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

अर्ज मुलीच्या नावाने केला. मंजुरीला वेळ लागला, हवालदार दोनदा चिडला. "साहेब, रोख होती हातात!" मी म्हटलं, "ती अजून हातात आहे, हेच बघ."

शेवटी ६० वॅटचं मशीन आलं. टेपने मोजलेलं, थैलीतल्या मालावर चालवून पाहिलेलं. पहिली पाटी तिने बापाची कोरली: नाव, हुद्दा आणि युनिट. मजकूर मला आधी दाखवला नव्हता. हवालदार बराच वेळ ती पाटी हातात धरून उभा होता. निवृत्तीचे पैसे बँकेत शाबूत होते आणि मुलगी स्वतःच्या दुकानात उभी होती.

तर मंडळी, क्रम पाठ करा: वही, थैली, टेप, अर्ज आणि मग मशीन. तुमच्या वहीत काय आलं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात दुकानाचा पहिल्या वर्षाचा जमाखर्च कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत सांभाळून राहा. जय हिंद.